बॉयलरवाल्याचं घोंगडं

"हात लावू नगंस त्या घोंगड्याला! सोपान, ठेव खाली म्हणते ना मी!"

म्हाळसाच्या ओरडण्याने अंगणातली माणसं दचकली. नात छकुलीच्या जावळासाठी पाहुणे जमलेले, न्हावी येऊन बसलेला, आणि तिच्या मुलाने माळ्यावरून, पोत्यात करकचून बांधलेलं आपल्या मेलेल्या बापाचं घोंगडं खाली काढलेलं... त्यांच्या घरात लेकराचं जावळ घोंगड्यावरच व्हायचं, आणि ते आजोबाच्या घोंगड्यावर झालं तर त्याहून मोठा आशीर्वाद कुठला! पण म्हाळसाने धावत जाऊन पोतं हिसकावलं, आणि खोकल्याच्या उबळीने ती जागीच खाली बसली.

"बापाच्या मांडीवर तू मला कधी बसू दिलं न्हाईस, आये," सोपान म्हणाला. "त्यो कामावरनं आला की मला आत ढकलून बाहेरनं कडी! मी आत दार बडवायचो, आन् तू बाहेर घोंगडं. त्यो गेल्यावर कारखान्यात त्याच्या जागी मला घेत हुते, तर तितंबी आडवी पडलीस. आता माझ्या लेकीलाबी त्याचं काय मिळू द्याचं न्हाय व्हय?"

म्हाळसाने पोतं पाठीमागे सारलं.

तिचा नवरा बिरू साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांना, आच आत राहावी म्हणून, लेप द्यायचा. पावसाळ्यात गाळप बंद असलं की जुना वाळलेला लेप खरवडायचा, पांढऱ्या भुकटीत पाणी कालवून नवा थापायचा. "बॉयलरला पांघरूण घालतो म्या," असं तो गावभर अभिमानाने सांगायचा. पावसाचं घोंगडं अंगावर असायचंच, कामातही. घोंगड्याला साबण लावायचा नाही, ते झटकायचं, काठीने बडवायचं, ही घरची रीत. रोज संध्याकाळी म्हाळसा बाभळीखाली ते बडवायची. ढगाआडून उन्हाची तिरीप आली की त्यातली धूळ चमकत तरंगायची, खाली बसायचंच नाव घ्यायची नाही. ही मातीची धूळ नव्हे, एवढंच तिला उमगलं होतं. एकदा रांगता सोपान त्या धुळीत गुदमरून खोकला... त्या दिवसापासून दाराला कडी! बिरूची अंघोळ होईपर्यंत पोर रडून झोपी गेलेलं असायचं.

पुढे बिरूच्या जोडीची माणसं धापा टाकू लागली. बिरूही तसाच गेला. ज्या कामाचा त्याला एवढा अभिमान, त्याच कामाने त्याला खाल्लं असेल, हा संशय मुलाला कसा सांगायचा? त्यापेक्षा मुलाने आपल्यालाच दुष्ट म्हणावं!

त्या दिवशी जावळ राहून गेलं. म्हाळसाला खोकल्यासोबत आता धापही लागू लागली, वाढतच गेली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीतलं पाणी काढलं, पुण्याला तपासण्या करवल्या, आणि सगळे कागद पाहून विचारलं, "आजी, तुम्ही कधी कारखान्यात काम केलंय?"

"म्या? म्या तर कारखान्याचं गेटबी वलांडलं न्हाय."

"माझा बाप हुता," सोपान म्हणाला. "बॉयलरला लेप द्याचा."

"मग त्यांचे कामावरचे कपडे घरी कोण झटकायचं?"

सोपानने आईकडे पाहिलं... आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टरीणबाई हळूहळू समजावत होत्या. त्या काळी तो लेप ॲस्बेस्टॉसचा असे. त्याचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, श्वासातून आत गेले की फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात, आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. तीस-चाळीस वर्षांनी तिथे कर्करोग उभा राहू शकतो, घरी कपडे झटकणाऱ्या बाईलासुद्धा; आजींना तोच झाला होता.

म्हाळसाने स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. "आन् माझ्या पोराला? घोंगडं झटकताना म्या त्याला आत कोंडायची."

"खात्री कुणीच देऊ शकत नाही, आजी. पण धूळ जितकी कमी, तितका धोका कमी. त्यांना लांब ठेवलंत, फार मोठं काम केलंत तुम्ही."

म्हाळसाने डोळे मिटले. ती कडी उगाच नव्हती तर!

बाहेरच्या बाकावर सोपान लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "मला आत कोंडलंस, आये... मग तू का बाहेर ऱ्हायलीस?"

"मग घोंगडं कुनी झटकायचं रं? तुझ्या बापाला पावसात उघडंबोडकं धाडायचं व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सोपानने तोंडाला मास्क लावला, घोंगड्याचं पोतं न उघडता भिजवलं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि बांधाच्या कडेला खोल पुरून वर भंडारा उधळला. मग नवं घोंगडं आणलं, आणि छकुलीचं जावळ झालं. बाजेवर उशांना टेकून म्हाळसाने ते डोळे भरून पाहिलं!

पाहुणे पांगल्यावर घोंगड्यावरचे केस झटकायला ती सवयीने उठू लागली, तर सोपानने तिला धरून आत नेलं.

"तू हितंच बस. मी झटकतो."

"अरं, नवं हाय ते. त्यात काय न्हाय."

"नसू दे."

त्याने दार ओढून घेतलं. बाहेर काठीचे आवाज येत राहिले, आणि बंद दाराच्या या बाजूला बसून म्हाळसा ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती... आवाज थांबले. दार उघडलं. सदऱ्यावर लोकरीचे तंतू घेऊन सोपान उंबऱ्याशीच थबकला, तिच्याच जुन्या शिस्तीप्रमाणे.

"आंगुळ करून येतो, आये. मग बसतो तुझ्यापाशी."

म्हाळसाने मांडीवरची वाकळ बाजूला सारली.

"असाच ये," ती म्हणाली.