हिलालच्या उंबऱ्यावरची वाळू

“दगा, मीरा, लवकर या! आज पुन्हा वाळू!” उषा उंबऱ्याशी उकिडवी बसून शेजारच्या दोघा दोस्तांना हाका मारू लागली.

सुरतेतल्या नवागामच्या त्या चाळीत कुणाचं बांधकाम चाललं नव्हतं आणि तापी तर लांबच राहिली. तरी रोज सकाळी उषाचा धाकटा भाऊ हिलाल जिथे चपला काढायचा, तिथे वाळू सांडलेली असायची.

“मांजर आणत असेल!” दगा म्हणाला.

“नाहीतर तुझ्या डोक्यातून सांडली असेल!” मीरानं त्याला टपली मारली.

उषाला हसू आलं नाही. वस्तीतला सगळ्यांत चपळ पोरगा हिलाल, पण हल्ली जिना उतरताना तो कठडा सोडत नसे. विचारलं की एकच उत्तर, “काही नही व्हयनं, ताई!” त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आलेली. खानदेशातून सुरतेला आलेली सगळी घरं त्या दिवशी मैदानात जमत, मुली झोक्यावर गाणी म्हणत, पोरांच्या शर्यती होत. यंदा शालिग्राम काकांनी हिलालला शर्यतीसाठी घडवायचा विडाच उचलला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिलाल घरातून सटकला. हे तिघं त्याच्या मागोमाग!

रुळांपलीकडच्या माळावर शालिग्राम काका कमरेवर हात ठेवून उभे होते. काका लूमच्या कारखान्यात जॉबर होते. यंत्र बिघडलं की सगळे त्यांनाच हाक मारत. त्यांच्यासमोर हिलालनं थैलीतून दोन जाडजूड पिशव्या काढल्या आणि घोट्यांना बांधल्या. एकीच्या शिवणीतून वाळू गळत होती.

“पय, हिलाल, पय!” काकांनी टाळी वाजवली.

हिलाल पळत होता आणि रडत होता. “काका, गुडघा दुखस!”

“दुखणारच! मागावर सुताच्या बीमला वजन लटकवल्याशिवाय कापड घट्ट येतं का? आखाजीला पिशव्या सोडू, मग बघ कसा उडतोस! रेल्वेवाले नोकरी द्यायला तुला शोधत येतील!”

उषानं घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. रात्रपाळी करून आलेला बाप कुशीवर वळला. “काकांपेक्षा तुला जास्त कळतं का?”

“मग आपणच काहीतरी करू!” मीरा म्हणाली. पिशव्या हिलालच्याच खाटेखाली होत्या. मीरानं शिवण उसवली, दगानं वाळू ओतून टाकली, उषानं कारखान्यामागचा सुताचा कचरा ठासून भरला. सकाळी हिलालनं पिशवी उचलली आणि चमकून ताईकडे पाहिलं. ती नुसती हसली. त्यानं गुपचूप पिशव्या बांधल्या.

माळावर काका खूश! “बघा, वजनाची सवय झाली पोराला!”

पण उषा हिलालच्या पायांकडे बघत होती. पायात वजन नव्हतं, तरीही हिलाल लंगडत होता.

आखाजीला मैदान फुलून गेलं. शिट्टी वाजली! हिलाल पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग त्याचा गुडघा वाकला आणि तो कोसळला तो उठलाच नाही.

“पिशव्या सोडल्या म्हणून बिचकला पोरगा!” काका धावत आले. “आणा त्या! बांधा पुन्हा!”

“बांधाच, काका!” उषानं त्या त्यांच्या हातात कोंबल्या. “बघा त्यांचं वजन!”

काकांनी पिशव्या हातात तोलल्या. दगानं एक फाडली आणि सुताचा पुंजका बाहेर आला.

“वाळू आम्ही कधीच काढली होती!” उषाला हुंदका आवरेना. “वजन काढूनही त्याला पळवत नव्हतं! तुम्ही त्याच्या पायाकडे एकदा तरी पाहिलंत?”

झोक्यावरची गाणी थांबली. बाप गर्दीतून पुढे आला आणि त्यानं हिलालला पाठीवर घेतलं.

गुजराती डॉक्टरांनी पाय तपासला आणि ते आईवर चिडले. “बेन, आ तो बच्चुं छे! याची हाडं अजून वाढतायत. या वयात पोरांनी पोहावं, झाडावर चढावं, दहा खेळ खेळावेत. तुम्ही त्याचा बैल केलात!” मग आईला बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलले. उषा दारामागेच होती. तिनं सगळं ऐकलं.

संध्याकाळी चाळीतली मोठी माणसं जमली. “पोरांनी डोकं चालवलं हं! शाब्बास!” शेजारच्या सरलाबाईंनी तिघांच्या हातावर गोड सांजोरी ठेवली. यापुढे कुणाही मुलाच्या पायाला वजन बांधायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. शालिग्राम काका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. “लूमवर धागा तुटला तर गाठ मारता येते,” ते एवढंच म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

उषानं सांजोरी तशीच मुठीत धरली. ती घरात गेली. हिलाल प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडला होता.

“ताई, पुढच्या आखाजीला मी पळेन ना?”

सुट्टीभर उषानं प्रत्येक गोष्टीचा छडा लावला होता. याही प्रश्नाचं उत्तर तिनं डॉक्टरांच्या दारामागे ऐकलं होतं. ती त्याच्याजवळ बसली आणि उंबऱ्यावर उरलेल्या वाळूकडे बघत राहिली.