पहिल्या घासाचे जीव

दुपार कलली की पठारावरचे सारे गाव रवंथ करीत पडून राही. उघड्या डोळ्यांपुढे गवताच्या लाटा हलत, जबडे संथ चालत; झोप कुठे सरली आणि जाग कुठे आली, हे कुणालाच नेमके सांगता येत नसे. धान्ये करप्याने गेली त्याला तीन पिढ्या लोटल्या होत्या. तेव्हाच जनुकांत बदल करून माणसाच्या जठराआधी, गायीला असते तशी, एक पिशवी वाढवण्यात आली. तिला तृणकोष म्हणत.

तुळसा मुलाला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. आज त्याचे उष्टावण. पूर्वी या दिवशी मामा बाळाला खीर चाटवी. आता आई गवताचा घास चावून देई. समोर बसलेल्या डॉ. मृणाल गद्रे किनाऱ्यावरून आल्या होत्या. तिथे काचघरांत पिकणारा भात खाणारी थोडी माणसे अजून उरली होती.

"पिशवी तर त्याला जन्मापासनं हाय. मग घास चावून कशापायी?" तुळसाने विचारले.

"पिशवी आहे, पण ओस आहे. गवताचे तंतूही साखरेच्याच कणांचे असतात. त्यांची वीण मात्र आपल्याला उसवता येत नाही. जिवाणू ती उसवतात, साखर खातात आणि आम्ले बाहेर टाकतात. त्या आम्लांवर तुम्ही जगता."

"म्हंजे आमी त्यांचं उष्टं खातो म्हना की."

मृणाल हसल्या. "तसंच. आणि आईच्या लाळेतून ते बाळाकडे जातात. एकदा गेले, की भात त्याला विष. पोटात तो झपाट्याने आंबेल, रक्तात आम्ल चढेल. घास दिला नाहीत, तर मी त्याला नेईन. भातावर वाढेल, दुपारी जागा राहील, शिकेल. तुम्हाला मात्र तिथे राहता येणार नाही. त्या खाऱ्या जमिनीत गवत नाही."

"ठाव हाय. सकाळीच त्याची कापडं बांधून ठिवलीत." तुळसा थांबली. "पर मांडीवर घेतला की तोंडाला पानी सुटतं. जबडा आपसूक चालतो."

मृणालना हे नवे नव्हते. मागच्या प्रत्येक गावात कपडे असेच बांधलेले होते आणि प्रत्येक आई हेच बोलली होती. एकीनेही मूल दिले नव्हते. जिवाणूंना नवे घर हवे असते. त्यांची आम्ले रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात. घास भरवण्याची ही ओढ तिथे तीच जागवतात का, हे अजून कुणी तपासले नव्हते. ही शंका मृणालनी कुणापाशीच बोलून दाखवली नव्हती.

"ही मायाच हाय न्हवं, डॉक्टरीणबाई?"

बाळाने आईचा पदर मुठीत धरला होता.

"मायाच," मृणाल म्हणाल्या. त्यांच्यापाशी कसलाही पुरावा नव्हता.

तुळसाचा चेहरा निवला. ती बाळावर वाकली.