पत्र्याखालचा खंदक

"जिथं कुणी चूल पेटवली, खड्डा बुजवला, तिथली माती चुंबकाला वेगळं उत्तर देते, बरं का!" टिटवी इवलीशी असताना बाबा तिला खांद्यावर घेऊन रानोमाळ फिरायचे आणि असं सांगायचे. तो जुना आवाज आज तिच्या कानात घुमत होता, आणि रानाच्या कडेच्या पत्र्याच्या कोठीला बाहेरून कडी लागली होती!

"मुकादमकाका! आम्ही आत आहोत!" तिचा आतेभाऊ भोपळ्या दारावर धबाधबा बुक्क्या मारत होता. पण बाहेर खोदाईचं मशीन धडधडत होतं. मुकादमानं आत डोकावून न बघताच कडी घातली होती.

"अगं, फोन लाव ना!"

"कशावरून? डोंबलावरून?"

मोजणीच्या रानात लोखंडाचा कणही चालत नाही, चुंबकाचं यंत्र फसतं. फोन, घड्याळ, किल्ल्या, सगळं दोरीबाहेरच्या टोपलीत होतं!

"उकडून बटाटा होणार माझा!"

"गप रे! नकाशा बघू दे."

त्या नकाशासाठीच तर दोघं आत शिरली होती. रानाचा उगवतीचा भाग बाबांसोबत काम करणाऱ्या मावशीनं यंत्र घेऊन, चालून मोजला होता. तिथं मातीखालची एक काळी कमान स्वच्छ उमटली होती. मावळतीचा भाग बाबांचा, आणि तिथं नुसते पट्टेच पट्टे! "जमीनच खराब आहे. इथं काही नाही," असं बाबांनी काल लिहून दिलं होतं, टिटवीच्या नजरेला नजर न देता. म्हणूनच आज रस्त्यासाठी मशीन आलं होतं. तासाभरात मातीखाली गाडलेलं हजारो वर्षांपूर्वीचं गाव मातीमोल होणार!

पत्रा थरथरला. धडधड जवळ आली. टिटवीनं कमानीवर बोट ठेवलं आणि तसंच गोल पुढे नेलं.

"भोपळ्या, ही रेघ कुठे जाते बघ!"

"अरे बापरे! आपल्याच पायांखाली!"

"हा खंदक असेल, तर तो कधीतरी बुजलाय. म्हणजे तिथली माती भुसभुशीत!"

मोजणीच्या लाकडी खुंट्या कोपऱ्यात होत्या. टिटवी एक घेऊन जमीन ठोकत निघाली. टक्क. टक्क. मुरूमच मुरूम! आणि मागच्या भिंतीपाशी खुंटी भस्सकन रुतली!

मग काय, दोघं उंदरांसारखी उकरू लागली. काळी माती, राखेचे ठिपके, आणि एक जाडंभरडं खापर! भिंतीखाली भगदाड पडलं. टिटवी सुळकन बाहेर निघाली, पण भोपळ्या कमरेत अडकला.

"मेलो! ना आत, ना बाहेर!"

"श्वास सोड! सगळा सोड!"

तिनं हात धरून ओढलं, आणि भोपळ्या बाटलीच्या बुचासारखा सुटला!

टिटवी थेट मशीनपुढे जाऊन उभी राहिली. "थांबा!"

"ए पोरी, मरायचंय का? कुठून उगवलीस तू?"

"तुम्हीच कोंडलंत तिथून!"

मुकादमाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं मशीन बंद केलं. गलका ऐकून बाबा आणि मावशी धावत आले. मावशी भगदाडापाशी गुडघ्यांवर बसली. पिवळा मुरूम आणि काळी माती चाकूनं कापल्यासारखी वेगळी दिसत होती.

"खंदकच आहे! आख्ख्या वस्तीला वेढा घालणारा! शाब्बास रे माझ्या वाघांनो! मुकादम, आता इथं फावडंसुद्धा लावायचं नाही!"

सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. टिटवी हळूच त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, ही रेघ पुढे तुमच्याच भागात शिरते. आणि पट्टे फक्त तुम्ही चाललात तिथंच आहेत."

बाबांनी सदरा वर केला. कमरेला घट्ट पट्टा होता आणि त्यात पोलादी पट्ट्या शिवलेल्या होत्या.

"तीन महिने झाले, पाठ सरळ होत नाही गं. कुणाला कळलं असतं, तर मोजणी माझ्या हातून गेली असती." त्यांनी टिटवीच्या नजरेला नजर दिली. "जमीन चांगली होती, बाळा. खोटं मी लिहिलं."