कप्तानाचं पितळी चक्र

सकाळी साडेनऊला फोन खणखणला आणि दहाच्या ठोक्याला इन्स्पेक्टरबाई संग्रहालयात होत्या. भिंतींवरच्या चित्रांतले स्पॅनिश दर्यावर्दी अख्खा समुद्र त्यांनीच भरल्यासारखे ऐटीत उभे होते. मधल्या काचपेटीत कप्तानानं जहाजावरून सूर्याची उंची मोजायचं चारशे वर्षांचं पितळी चक्र असायला हवं होतं. होतं ते संग्रहालयाच्या विक्रीच्या टेबलावरचं, त्याच चक्राची नक्कल असलेलं खेळणं.

संचालकांनी चोरही शोधून ठेवला होता. पेटीची किल्ली एकट्या पहारेकरी मामांकडे, म्हणजे मामाच चोर. बाईंनी फक्त बेड्या घालायच्या.

मामांनी हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाले, "न्यायचं तर मागच्या दारानं न्या, बाई. साडेअकराला माझी लेक शाळेची मुलं घेऊन येतेय."

"पेटी शेवटची कधी उघडलीत?"

"काल दुपारी. डॉक्टरांना धूळ झटकायची होती."

डॉक्टर म्हणजे जुन्या वस्तूंची डागडुजी करणारे गृहस्थ. माणसांपेक्षा वस्तूंची नाडी त्यांना बरी कळे.

"तुम्ही इथंच होता?"

"दहा मिनिटं नव्हतो. साहेबांनी फलक सरळ करायला बोलावलं."

संचालकांना एकदम खोकला आला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की आपण पेटी सोडली तेव्हा आत खरं चक्रच होतं.

बाईंनी पेटी उघडवली. डॉक्टरांनी हातमोजे चढवून खेळणं अलगद उचललं. चक्र पेलून धरणाऱ्या खालच्या तिन्ही वाकड्या आकड्यांना मऊ पांढरं कापड गुंडाळलेलं होतं, दुहेरी.

"हे कशासाठी?"

"धातूला धातू घासू नये म्हणून."

बाईंनी मांडणीच्या दिवशीचा फोटो मागवला. त्यात कापड एकेरी होतं. फोटो पेटीशेजारी धरून त्यांनी कापड ताडून पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळल्या.

"खेळणं मूळ चक्रापेक्षा पातळ. आकड्यांत ते डुगडुगलं असतं, म्हणून कुणीतरी कापडाचा आणखी एक थर दिला. मामा चोर असते तर त्यांनी खेळणं अडकवून पोबारा केला असता. विक्रीच्या खेळण्याला ओरखडा पडू नये, ही काळजी चोरी करतानाही कुणाला सुटणार नाही? तुम्हालाच, डॉक्टर. आणि खरं चक्र तुम्ही दमट जागी ठेवणं शक्य नाही. तुमच्या खोलीत कोरड्या हवेचं कपाट असेलच, ते उघडा."

चक्र तिथंच निघालं, पातळ कागदात गुंडाळलेलं. वर चिठ्ठी: 'हात लावू नये.'

"प्रदर्शनापुरतं उसनं आणलंय ते; संपलं की मालकाकडे परत जाणार," डॉक्टर पुटपुटले. "तो दर रविवारी त्याला पॉलिश मारतो, बाई. घासून घासून त्यावर कोरलेले अंक पुसत चाललेत."

"आणि त्यापायी मामा तुरुंगात गेले असते, ते?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. हवालदार त्यांना घेऊन गेला.

संचालक मामांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. "मनावर घेऊ नका, मामा."

"घेतलंय, साहेब," मामा म्हणाले. "माफी मागायची असेल तर मुलं यायच्या आत मागून घ्या."

संचालकांनी घड्याळ पाहिलं, आणि मागितली.