मधला खडा

आत्याने मला फक्त शिट्टी आणायला पाठवलं होतं. किनाऱ्यावरची स्काउटची जुनी शेड दुसऱ्या दिवशी पाडणार होते, आणि आजोबांची पितळी शिट्टी अजून तिथल्याच खिळ्याला लटकत होती.

आमच्या उपनगरातलं पहिलं स्काउट पथक आजोबांनी काढलं. जुन्या पडद्यांचे स्कार्फ, झाडूच्या दांड्यांच्या काठ्या. घरोघरच्या आयांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली म्हणे. एकाने पुढे जाऊन वाळूत खुणा करायच्या आणि बाकीच्यांनी माग काढायचा, हा पोरांचा लाडका खेळ. शेवटची खूण म्हणजे दगडांचं वर्तुळ आणि मधोमध एक खडा. अर्थ, 'मी घरी पोचलो.'

एका संध्याकाळी खुणा करायला आत्याचा धाकटा भाऊ गेला. माझा काका, पण कायमचा शाळकरी राहिलेला. धुकं उतरलं, भरती आली. आजोबा शिट्टी फुंकत राहिले. ती शेवटची खूण कुणाला सापडलीच नाही.

तेव्हापासून आत्या दाराला कडी लावू देत नसे. आता ती अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, पण तिचा जीव त्या दारातच अडकला होता.

"एकदा वाजव," मी निघताना ती म्हणाली. "बाबांनी पुन्हा कधी वाजवलीच नाही रे... त्याला कळणार कसं, परत यायचं ते?"

तिचं मन मोडवेना. शेडच्या पायरीवर उभं राहून मी शिट्टी वाजवली. आवाज धुक्यात विरला. कुजक्या शेवाळाचा वास आला... आणि ओल्या वाळूत माझ्या मागे कुणीतरी चालू लागलं. वळून पाहायचा धीर झाला नाही.

घरी आलो तर उंबऱ्याबाहेर ओल्या दगडांचं वर्तुळ. मधे खडा नव्हता. दाराला कुलूप होतं. आत्या एकटीच घरात, म्हणून जाताना मीच घातलेलं.

"उघड ना लवकर..." आतून तिचा आवाज आला. "केव्हाचा बाहेर उभा आहे तो."

कसंबसं कुलूप काढलं. माझ्या कोपराखालून काहीतरी गार, घाईघाईने आत शिरलं.

मी खोलीत पोचलो तोवर आत्या गेली होती. स्काउट करतात तसा हात मिळवायला तिने डावा हात पुढे केला होता. तळवा ओला होता, वाळूने माखलेला. मला रडू आवरेना.

सकाळी माणसं जमू लागली तेव्हा दारात गेलो. वर्तुळ तसंच होतं. मधे दोन खडे होते.