नोनातोकाका भिजून आले

ही गोष्ट माझ्या आईची, इरासीची. पटली तर घ्या. पण ज्या दुपारी माझे वडील गेले ती तिने डोळ्यांनी पाहिली, आणि मी तिच्या कडेवर होते.

ब्राझीलमधला आमचा सेर्तांवचा दुष्काळी मुलूख. मार्च महिना. महिनाभर पाऊस नुसता शिंपडून गेला. संत जोसेफचा सणही कोरडा गेला, म्हणजे वर्ष गेल्यातच जमा. पाणी उरलं होतं ते फक्त शेजारच्या नोनातोकाकांच्या विहिरीच्या तळाशी.

मी दहा महिन्यांची, तापाने फणफणलेली. घरात थेंब नव्हता.

अशा वर्षी पाऊस यावा म्हणून आमच्याकडे शेजाऱ्याच्या घरातली संत जोसेफची मूर्ती चोरतात. मालकाने झोपेचं सोंग घ्यायचं. पाऊस पडला की मूर्ती वाजतगाजत परत. तोवर त्याने मागायची नाही.

त्या सकाळी वडील, जेनेझियो, काकांची मूर्ती घेऊन आले.

"म्हातारा उठला नाही?" आईने विचारलं.

"झकास सोंग घेतलं. अजून पडलाय."

आणि ते वाळूने कुदळ घासत बसले.

दुपारी आवाज आला.

टप...

टप... टप...

आईने दार उघडलं. उंबऱ्यात नोनातोकाका. नखशिखांत ओले. बाहीतून पाणी गळत होतं.

आभाळात ढग नव्हता.

"पोरी, माझा जोसेफ दे."

"काका, पावसाआधी मागू नये. तुम्हीच शिकवलंत ना?"

"माझ्यापुरता पडला."

मी कण्हले. आईने विचार केला नाही. त्या बाहीखाली वाटी धरली, मला पाजलं.

तेवढ्यात वडील बाहेर आले. थिजले. मग कुदळ उचलली.

"मूर्ती सोडेनास म्हणून तुझं डोकं फोडलं मी," ते किंचाळले. "विहिरीत लोटलं तुला."

घाव घातला. पुन्हा. पुन्हा.

प्रत्येक घावाला पाण्यात दगड पडल्यासारखा आवाज...

काकांनी ओला हात त्यांच्या तोंडावर ठेवला. हलकेच.

वडील कोरड्या धुळीत तडफडले. नाकातोंडातून पाणी येत होतं. आईने तो हात ओढला, चावला. सुटेना. तिने मूर्ती पुढे केली.

"घ्या काका. त्याला सोडा."

"मूर्ती आता पाऊस पडल्यावरच," काका म्हणाले.

वडील निपचित पडले. काका कुठेच नव्हते, उंबरा सुकलेला होता.

काकांचं प्रेत विहिरीत सापडलं, पहाटेपासूनचं. वडिलांच्या फुप्फुसांत पाणी भरलेलं होतं. अंगणात बुडून मेले, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मला तेव्हापासून तहान लागलेली नाही. कधीच. सगळ्या तपासण्या केल्या. दोष सापडत नाही.

यंदाही मार्च कोरडा गेला. मूर्ती समोरच आहे.

हे लिहिताना उजवी बाही ओली लागतेय...

दोनदा पिळली मी.