फाटक्या कानाचं वासरू

कथावंशमापक हे यंत्र दिसायला अगदीच साधं होतं. शिवणयंत्राएवढी पेटी आणि तिच्यासमोर एक पडदा. तरीही पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत शिरताना भलेभले लेखक घाम पुसत. कोणती कथा कोणत्या कथेच्या पोटी जन्मली हे ते यंत्र सांगे, आणि पुष्कळ लेखकांना नेमकं तेच लपवायचं असे.

आज यंत्रापुढे रेवती घरत बसल्या होत्या. वय बासष्ट. तीस वर्षं परदेशी संगणकीय खेळांची माहितीपत्रकं मराठीत आणून त्या निवृत्त झाल्या आणि मग त्यांनी पहिली अद्भुतकादंबरी लिहिली. तिच्या पहिल्याच प्रकरणात विश्व निर्माण होतं. बर्फ आणि आग यांच्या मधल्या पोकळीत एक गाय उभी राहते, खारट बर्फ चाटत राहते आणि तिसऱ्या दिवशी त्यातून पहिला देव बाहेर येतो. गायीजवळ एक वासरू असतं. त्याचा डावा कान फाटलेला.

अशीच गाय आणि असंच वासरू परदेशातल्या एका गाजलेल्या कादंबरीमालिकेतही होतं. तिच्या प्रकाशकांनी रेवतीबाईंवर चोरीचा आरोप केला होता. तो सिद्ध झाला तर कादंबरीच्या सगळ्या प्रती बाजारातून मागे घ्याव्या लागणार होत्या.

"मी ती मालिका वाचलेली नाही, डॉक्टर," रेवतीबाई म्हणाल्या. "पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्याच कथा हाताखालून गेल्या. त्यातलं काय कुठे झिरपलं, देवाला ठाऊक. चोरी निघाली तर मी स्वतःच पुस्तक मागे घेईन. फक्त खरं काय ते मला कळू दे."

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. कुमुद भाटवडेकर म्हणाल्या, "गायीची काळजी सोडा. ती उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स पुराणातलीच आहे. बर्फ, आग, राक्षसाच्या कवटीचं आकाश, त्याच्या हाडांचे डोंगर, सगळं तिथलं. आजच्या अद्भुतकथांमधली निम्मी विश्वं त्याच घरची. त्यावर कुणाची मालकी नाही."

"मग अडलंय कुठे?"

उत्तर विश्राम तोरसकरांनी दिलं. नॉर्स पुराणांत त्यांची हयात गेली होती आणि वाईट बातमी सांगताना ते चष्मा पुसत. आताही पुसत होते. "परीक्षेत दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर ती कॉपी ठरत नाही. दोघांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं, तर मात्र ठरते. यंत्र तेवढंच शोधतं. अशा चुकीला आम्ही वारसदोष म्हणतो. रेवतीताई, मूळ नॉर्स कथेत वासरू नाहीच. फाटका कान तर नाहीच नाही."

"योगायोग नसेल?"

"वासरू योगायोगानं येईलही. डावा कान फाटलेलं वासरू दोन ठिकाणी येणार नाही. शिवाय त्यांच्या कथेत कानाला कारण आहे. लांडग्यानं तो तुकडा तोडला आणि त्याची चंद्रकोर झाली. तुमच्याकडे कारणच नाही. नक्कल करताना कारण गळून पडतं."

रेवतीबाईंचा चेहरा पडला. "आता वासराचा माग काढू," म्हणत कुमुदताईंनी यंत्र सुरू केलं.

पडद्यावर कथांचा वंशवृक्ष उलगडू लागला. परदेशी मालिका पंधरा वर्षांपूर्वीची निघाली. पण वासराची रेघ तिथे थांबली नाही. ती मागे सरकत एका 'संपूर्ण नॉर्स कथे'पाशी गेली आणि तिथून एका संगणकीय खेळाच्या जुन्या मराठी माहितीपत्रकापाशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. अनुवादकाचं नाव नव्हतं.

"मराठी?" तोरसकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्या काळात संगणक सगळ्या भाषांतले मजकूर गोळा करून एक पूर्ण आवृत्ती तयार करत," कुमुदताई सावकाश म्हणाल्या. "कुठे काही जास्तीचं आढळलं, तर तो हरवलेला प्राचीन भाग समजून जोडून टाकत. मालिकेच्या लेखकानं त्याच आवृत्तीवर विश्वास ठेवला असणार."

रेवतीबाई पडद्याजवळ सरकून माहितीपत्रक वाचत होत्या. वाचता वाचता त्या खुदकन हसल्या.

"अहो, हे मीच केलंय! साफ विसरले होते. मूळ मजकुरात होतं, गायीच्या आचळांतून दुधाच्या चार नद्या वाहत. मी उरणच्या मिठागरावर वाढले. आमची ढवळी गाय वासरू समोर असल्याशिवाय थेंब देत नसे. वासरूच नाही, तर पान्हा फुटेल कसा? मला वाटलं, लिहिणारा विसरला. म्हणून मी आपलं आमचं वासरू तिथं बांधून टाकलं."

"आणि कान?"

"कुत्र्यानं फाडला होता. होता तसा लिहिला."

तोरसकरांनाही हसू आवरेना. "म्हणजे कारण गळून पडलं नव्हतं. तुमच्या नंतरच्यांनी ते रचून घातलं!"

"वारसदोष तुमच्यापासून सुरू होतो," कुमुदताईंनी निर्णय दिला. "तुमच्या पुस्तकाला धोका नाही. उलट तुम्हीच त्यांच्यावर दावा लावू शकता."

"छे हो! त्यांनी बिचाऱ्यांनी चंद्र केला त्याचा. निकाल तेवढा त्यांना कळवा." रेवतीबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "हे ठिपके कसले?"

"वासरू ज्या ज्या कथांत पोचलं, त्या कथा. दोनशे चौदा विश्वं आहेत, नऊ भाषांमध्ये."

रेवतीबाई एकेक ठिपका निरखू लागल्या. त्यांना फार बरं वाटत होतं.

"आठ महिन्यांचं असताना बाबांनी आमचं वासरू बाजारात विकलं," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढं ते कुठं गेलं, काही कळलंच नाही."

त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकवलं. तिथे कोणत्याशा परक्या भाषेतल्या सृष्टीच्या पहिल्या सकाळी ते आईजवळ उभं होतं.

"म्हणजे इथं होतं होय," रेवतीबाई म्हणाल्या.